बारा व्होल्टचा भोंगा

‘चालतंय’ हा शब्द आमच्या डिपार्टमेंटमध्ये शिवीसारखा होता. कोणाच्या तोंडून चुकून निघाला की बाई हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटायच्या. "चालतंय म्हणजे काय? पाय फुटलेत का त्याला? बरोबर आहे का, ते सांग."

बाई म्हणजे आमच्या मॅडम. तोंडावर मॅडम, पाठीमागे बाई. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी. फॅक्टऱ्यांच्या मशिनांना लागणारी कंट्रोल कार्डं आम्ही बनवायचो. खाली मालक बसायचे, वर बाईंचं राज्य. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्या आता नाहीत, पण जिच्यासाठी त्या आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या ती अजून डोंबिवलीतच कुठेतरी राहते. तिला दोन घास सुखाने खाता यावेत एवढीच माझी इच्छा आहे. म्हणून काही तपशील मी इकडचे तिकडे केलेत. तरी कोणी ओळखलंच, तर कृपा करून तोंड बंद ठेवा.

मी खडवलीचा. डिप्लोमा करून लागलेलो. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, मी घाबरून काहीतरी पुटपुटलो. "तीन-तीन," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला वाटलं, हजेरीचा नंबर दिला. नंतर शेजारच्याने समजावलं. हल्लीच्या प्रोसेसरची पिन फार तर तीन पॉइंट तीन व्होल्ट देते. आमची जुनी कार्डं पाच व्होल्टची. हा इकडून ‘हो’ म्हणतो, पण त्या हळू आवाजातलं ‘हो’ पलीकडच्याला धड ऐकूच जात नाही. कधी जातं, कधी नाही. मध्ये कोणीतरी तो आवाज वर उचलून द्यावा लागतो. म्हणून हळू बोलणारा प्रत्येक माणूस बाईंच्या लेखी तीन-तीन. "ए तीन-तीन, पाचने बोल!" मालकांचे सीए आलेले एकदा, गरीब बिचारा मवाळ माणूस, त्यांनाही हेच ऐकवलं. ते हिशेब सांगायचे सोडून खाली निघून गेले.

मला बाई आवडायच्या असं समजू नका. कोणालाच आवडायच्या नाहीत. सोल्डरिंगला बसणाऱ्या एका मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर इतकं झापलं की ती जेवणाच्या सुट्टीत घरी गेली ती परत आलीच नाही. तिला बोलवायला मालकांनी मलाच पाठवलेलं, डोक्याला ताप. ती म्हणाली, "दादा, चूक माझी होती. पण त्यांना चूक दिसली की माणूस दिसत नाही." मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक तिची होती हे तिला पटलंय ना? मग झालं."

झालं कसलं, डोंबल. नवीन मुलगी मिळेपर्यंत मीच सोल्डरिंग करत बसलो.

साडी नेहमी इस्त्रीची, पायात मात्र कारखान्यातले जाडे काळे बूट. पर्समध्ये करंट तपासायचा मीटर, तोही नॅपकिनमध्ये गुंडाळून, आणि लालभडक नेलपॉलिशची बाटली. नखांना त्यांनी ते कधी लावलेलं मी पाहिलं नाही. कनेक्टर बसवला की त्याच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, ही त्यांची पद्धत. नंतर कोणी हात लावला, उपसला, हलवला, की ठिपका तडकतो. गिऱ्हाईक शपथा घेऊन सांगायचं, "आम्ही उघडलंच नाही हो," आणि बाई बोट ठेवून दाखवायच्या. मग गिऱ्हाइकाची बोलती बंद.

मीटर तर त्या कुठेही काढायच्या. आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न होतं कल्याणला. बाई आल्या, अक्षता हातात घेतल्या आणि स्टेजच्या लोखंडी कमानीला मीटर लावून उभ्या राहिल्या. कमानीत करंट उतरलेला. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि बाई मोठ्याने, "आधी मेन बंद करा!" डेकोरेशनवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, सगळीकडे असंच असतं, चालतं." झालं, त्याने नेमका तोच शब्द उच्चारला. बाईंनी स्वतः जाऊन खटका पाडला. अर्धं लग्न मोबाइलच्या उजेडात लागलं. मुलीची आई रडली, पाव्हण्यांनी तोंडं वाकडी केली, आणि बाई मात्र पंगतीत बसून शांतपणे जेवल्या. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तिथे कोणी मेलं नाही, म्हणूनच सगळे त्यांच्यावर चिडू शकले.

तसं मालकांच्या मुलाचंही झालं. बाहेरून शिकून आलेला, वाईट नव्हता, पण घाई फार. शीळफाट्याजवळच्या एका गोदामाला सामान वाहून नेणारे पट्टे बसवायचे होते. त्याने नवा प्रोसेसर घेतला आणि त्याची पिन सरळ आमच्या जुन्या पाच व्होल्टच्या कार्डाला जोडून दिली. मध्ये काहीच नाही. टेबलावर पट्टा फिरला, थांबला, फिरला. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"मध्ये लेव्हल कोण वर नेणार?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, होतंय ना डायरेक्ट. कशाला उगाच पार्ट वाढवायचे?"

"कागदावर त्याला साडेतीन लागतात. तू तीन पॉइंट तीन देतोयस."

"अहो, पण चालतंय ना!"

बाईंनी प्रोसेसरसकट कार्ड उचललं आणि खाली चहाच्या टपरीवर गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. मे महिना. टपरीवाल्याला म्हणाल्या, "स्टोव्हच्या बाजूला जरा जागा दे." दोन चहा उकळेपर्यंत कार्ड तिथे तापलं आणि पट्ट्याला थांबायचा सिग्नल दिला तरी कार्डावरचा दिवा बदलेना. प्रोसेसर घसा फोडून ‘थांब’ म्हणत होता आणि कार्ड ढिम्म. "तिथे पत्र्याखाली एसी नाही," बाई म्हणाल्या. "पट्ट्यात एखाद्याचा हात अडकला की हा थांब म्हणणार, आणि त्याला ऐकू जाणार नाही. मग तू जाऊन सांग, टेबलावर चालत होतं म्हणून." मुलगा लालबुंद. टपरीवर बाकीच्या गाळ्यांची माणसंही होती. बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ते त्यांना सुचायचंच नाही. त्या मुलाने हा अपमान मनात ठेवला.

घरी बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं, कारण घरचं बोलायची त्यांना सवयच नव्हती. एक दिवस मला म्हणाल्या, "रविवारी डोंबिवलीला ये. केबल ओढायचीय. एकटीला जमत नाही." मी गेलो. जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक बाईंचं. समोर एक कुटुंब, नवरा, बायको, म्हातारे सासरे. ती सून पस्तिशीची असेल, हसतमुख. बाईंना काकू म्हणायची. मी तिला वहिनी म्हणायला लागलो.

काकांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, पॅरालिसिसचा अटॅक आलेला. एकेकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला लागले की खालच्या दुकानदाराला माइकशिवाय ऐकू जायचं, असं वहिनींनीच मला सांगितलं. आता आवाज घशातल्या घशात, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. त्यात कफ व्हायचा. तो घशात अडकला की कुशीवर वळवून कोणीतरी काढावा लागायचा. नाही काढला तर माणूस गुदमरणार, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. नर्सिंग ब्युरोच्या बायका ठेवून झाल्या, एकही टिकली नाही. टिकेल कशी? बाई त्यांच्याकडून एकच बीपी तीनदा मोजून घ्यायच्या. शेवटी सकाळी एक बाई येऊन आंघोळ घालून जायची, दुपारी समोरच्या वहिनी येऊन मऊ भात भरवायच्या, आणि संध्याकाळी बाई पोचायच्या. मधल्या वेळात काकांना काही झालं तर बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

काकांच्या दोन बोटांखाली एक हलकं बटण. ते एका प्रोसेसरला. त्याची पिन तीच, तीन-तीनवाली. आणि समोरच्या घरात भिंतीवर बारा व्होल्टचा भोंगा, गाड्यांच्या चोरीच्या अलार्मला असतो तसला. तीन-तीनचं बोलणं बाराला पोचवायला मध्ये एक ट्रान्झिस्टर. आता गंमत अशी की एकट्या ट्रान्झिस्टरने आवाज वर जातो खरा, पण उलटा होऊन जातो. इकडे पिन वर, की तिकडे खाली. इकडे खाली, की तिकडे वर. आम्ही सगळे पुढे दुसरा ट्रान्झिस्टर लावून तो सुलटा करून घेतो. बाईंनी मुद्दाम उलटाच ठेवला.

"समज प्रोसेसर मेला," त्या मला म्हणाल्या. "समज उंदराने वायर कुरतडली. सुलटं असलं तर भोंगा गप्प बसणार आणि आपल्याला वाटणार सगळं ठीक आहे. उलटं ठेवलं की प्रोसेसर जिवंत आहे, पिन वर धरून बसलाय, तोवरच भोंगा गप्प. काहीही बिघडलं की बोंबलणार. मला गप्प बसणारा भोंगा नको."

म्हणून भोंग्याला बॅटरीही त्याची स्वतःची. बंद करायचं बटण मात्र नाही. "बटण दिलं की कोणीतरी ते दाबतंच," बाई म्हणाल्या. भोंग्याच्या पाठीमागे दोन वायरींची पांढरी टोपी होती, ती खोचली आणि त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. शिवाय प्रोसेसरवर एक लाल दिवा. काकांनी बटण दाबून ठेवलंय तोवर भोंगा वाजणार, पण लाल दिवा एकदा लागला की हाताने विझवेपर्यंत लागलेलाच राहणार. म्हणजे दिवसभरात काकांनी हाक मारली होती का, ते बाईंना घरी आल्यावर कळावं.

सगळं जोडून झाल्यावर बाईंनी काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "दाबा." त्यांनी दाबलं. समोरच्या घरात भोंगा असा काही किंचाळला की वहिनींचे सासरे खुर्चीतून उठले. काकांच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. "अहो पुरे, काय लहान आहात का?" बाई ओरडत होत्या आणि हसतही होत्या. बाईंना हसताना मी तेवढंच पाहिलं.

गोची झाली ती लाइटमुळे. डोंबिवलीत उन्हाळ्यात लाइट कशी जाते-येते ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर जायचं आणि त्या झटक्यात प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तो सुरू होईपर्यंत पिन अधांतरी, म्हणजे तिकडे भोंगा चालू. थोडाच वेळ, पण किंचाळणं ते किंचाळणंच. लाइट आली की पुन्हा तेच. आणि बाईंची ताकीद, "प्रत्येक वेळी येऊन बघायचं. आपलं आपण ठरवायचं नाही." वहिनी बिचारी कणकेच्या हातांनी धावत यायची. काका शांत पडलेले असायचे. ती परत जायची, की लाइट यायची.

वहिनींनी मला एकदा जिन्यात गाठलं. "भाऊ, काकूंना जरा सांगा ना. सासऱ्यांचा दुपारचा डोळा लागतच नाही. बीपी वाढलंय त्यांचं. घरात माझ्यावरून आवाज चढायला लागलेत."

मी बाईंना सांगितलं. एक साधा छोटा उपाय होता, भोंग्याला चार-पाच सेकंद उशीर द्यायचा, म्हणजे तेवढ्यात प्रोसेसर सावरेल.

"आणि त्या उशिराच्या पार्टमध्येच बिघाड झाला तर?"

"मॅडम, ट्रान्झिस्टर कंटाळत नाही. माणूस कंटाळतो. उद्या ती यायचीच बंद होईल."

"ती तशी नाही."

"तशी नाही, पण तिच्या घरात म्हातारा आहे, नवरा आहे. तुमचं सर्किट बरोबर आहे हो, शंभर टक्के. पण ती सर्किट नाही!"

मी जरा जास्तच आवाज चढवला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज पाचने बोललास." बस. तिथे मी हात टेकले. हट्टीपणाची पण एक हद्द असते.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात ते झालं. दुपारी चारच्या सुमाराला बाईंना काय वाटलं देव जाणे, त्या लवकर घरी गेल्या. संध्याकाळी मला त्यांचा फोन. "हे गेले," एवढंच. मी पोचलो तेव्हा वरच्या मजल्यावर माणसं जमलेली. काकांना खाली चटईवर ठेवलेलं. कल्याणहून बाईंचे धाकटे दीर आलेले. समोरच्या दारात वहिनी भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. सासू नव्हती तिला, सासरे मागे उभे.

बाईंच्या आतल्या खोलीत गेलो, आणि पहिलं मला काय दिसलं असेल तर तो लाल दिवा. लागलेला. काकांनी हाक मारली होती. बटण दाबलं होतं, किती वेळ दाबून धरलं होतं ते देवालाच ठाऊक. दोनच तर बोटं होती.

बाहेर दीर विचारत होते, "मग भोंगा का नाही वाजला? तो कशाला लावलेला?" वहिनीकडे बघून विचारत होते. "तुम्ही समोर होतात ना?"

"नाही वाजला," वहिनी म्हणाली. "खरंच नाही वाजला हो. मी... लाइट सकाळपासून जात-येत होती, मी..."

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या दारातून भिंतीवरचा भोंगा मला सरळ दिसत होता. पांढरी टोपी जागेवर होती, पण वाकडी. ठिपका तडकून दोन तुकडे झालेला. अर्धा लाल इकडे, अर्धा तिकडे. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

"नाही वाजणार," बाई म्हणाल्या. पाचने नाही, बाराने. जिन्यातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "पिनचा आवाज वर गेलाच नाही. सर्किट माझं चुकलं. तिचा काही संबंध नाही."

तेव्हा दीर बाईंवर फुटले. "वहिनी, सगळ्या जगाच्या चुका काढत फिरता तुम्ही! लग्नं बंद पाडता लोकांची! आणि घरच्या माणसाचं एवढंसं काम..." ते रडायलाच लागले. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. ज्या बाईने मालकाच्या पोराला टपरीवर उभा सोलला, ती गप्प.

माझं डोकं फिरलं. मी सरळ आत गेलो, बटण दाबायला. एकदा दाबलं असतं की वाजतो का नाही ते तिथल्या तिथे कळलं असतं. बाई मागोमाग आल्या आणि माझं मनगट धरलं. कारखान्यात काम केलेला हात, जोर होता त्यात.

"हात लावू नकोस."

"मॅडम, अहो, ती टोपी..."

"बघितली मी. आता हे वाजलं तर त्या पोरीला हे लोक फाडून खातील. तिच्या घरचेही." मग हळूच, अगदी तीन-तीनने, "हे घेऊन जा इथून."

मी आधी समोर जाऊन भोंग्याची बॅटरी सोडवली, नाहीतर तो बोंबललाच असता. मग प्रोसेसर काढला, वायरी गुंडाळल्या. भोंगा काढायला परत समोरच्या घरात गेलो तेव्हा वहिनी माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "भाऊ, तुम्हाला कळतं यातलं. खरंच काकूंचंच चुकलं होतं?"

तिच्या डोळ्यांत काय होतं ते सांगत नाही. राग आलेला मला, खोटं कशाला बोलू. तिचाही, बाईंचाही, त्या म्हाताऱ्याच्या झोपेचाही. पण बाहेर चटईशी बाई बसलेल्या दिसत होत्या.

"हो," मी म्हणालो. "खराबच होतं."

ती तिथेच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

पंधरा-वीस दिवसांनी बाई कामावर आल्या. बातमी त्यांच्या आधीच कंपनीत पोचलेली. मालकांचा मुलगा वर आला, दोन शब्द सांत्वनाचे बोलला, आणि जाता जाता पोरांकडे बघून म्हणाला, "लेव्हल शिफ्टिंग इज नॉट सो इझी, काय?" दोघंतिघं हसली. मी खुर्ची मागे सारून उठलो. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाल्या, "हो. चुकलं माझं." तो वरमला असावा, कारण पटकन खाली गेला. त्या दिवसानंतर बाईंनी कोणाला तीन-तीन म्हटलं नाही. कोणी ‘चालतंय’ म्हणालं तरी मान वर करायच्या नाहीत. पोरं खूश झाली. मला तो मजला स्मशानासारखा वाटायला लागला.

एका दुपारी सगळे जेवायला खाली गेले आणि बाई माझ्या टेबलाशी आल्या. "ते सामान टाकलंस का?"

नव्हतं टाकलं. खालच्या खणात पिशवीत तसंच होतं.

"जोड."

मी जोडायला लागलो. बाई समोर बसून होत्या. मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना? सर्किट बरोबर होतं ते?"

"नाही माहीत," त्या म्हणाल्या. "ठिपका तडकलेला. पण तो आधीही तडकला असेल, कोणी झाडू मारताना. टोपी बसलेली असेल आणि माझंच गेलं असेल. मे महिना होता. मी त्या दिवशी बघितलं नाही, फक्त बोलून टाकलं." मग म्हणाल्या, "ती यांना भात भरवायची. माझ्या हातचा त्यांना गिळता यायचा नाही. मी घाई करायचे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाईंना आज काय हवंय. जन्मभर ज्यांनी आपलं सर्किट चुकलंय हे कधी कबूल केलं नाही, त्या बाई समोर बसून ते चुकलेलं निघावं म्हणून वाट बघत होत्या. ते निघालं असतं तर खोटं खोटं राहिलं नसतं. समोरच्या दारातली माणसं पूर्वीसारखी माणसं राहिली असती. मीही मनातल्या मनात म्हणत होतो, नको वाजूस रे बाबा. एक वायर सैल सोडावी असंही मनात आलं, पण बाई बघत होत्या. सगळं व्यवस्थित बसवलं.

"दाब," बाई म्हणाल्या.

मी दाबलं. भोंगा पहिल्या दाबात वाजला, स्वच्छ, खणखणीत, आणि रिकाम्या मजल्यावर तो आवाज असा घुमला की खालची माणसं जिन्यातून ओरडायला लागली. मी बोट काढलं. पण माझ्या धक्क्याने अडॅप्टर निघाला असावा, कारण प्रोसेसर मेला आणि भोंगा थांबायलाच तयार नाही. बंद करायला बटण नव्हतं. "थांबव, थांबव," बाई म्हणत होत्या, कानांवर हात ठेवून, आणि मी प्लग शोधत टेबलाखाली वाकलो.

मी वर येईपर्यंत शांत झालं होतं. बाईंनी स्वतःच भोंग्याच्या पाठीमागे हात घालून ती पांढरी टोपी उपटली होती. ती हातात धरून त्या बघत बसलेल्या.

"किती पटकन निघते रे," त्या म्हणाल्या.